नायक नसलेली वाडी : ‘बनगरवाडी’ची कादंबरी आणि चित्रपट

व्यंकटेश माडगूळकर हे चित्रदर्शी लेखक, असे इतक्यांदा लिहिले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज आता कुणाला वाटत नाही. ते स्वतः चित्रे काढत. त्यांनी चित्रपटांच्या पटकथा लिहिल्या, नाटके लिहिली. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीवर, ‘बनगरवाडी’वर, १९९५ साली अमोल पालेकरांनी चित्रपट केला. एवढ्यावरून एक समजूत सहज तयार होते, की ही कादंबरी म्हणजे कागदावर उतरवून ठेवलेला चित्रपटच होता, कुणीतरी कॅमेरा घेऊन येण्याचा तेवढा अवकाश होता. या समजुतीचा पुढचा टप्पा व्यवहारात दिसतो. मुले चित्रपट पाहतात आणि कादंबरी ‘झाली’ असे धरून चालतात. माझे म्हणणे नेमके उलट आहे. ‘बनगरवाडी’ ही पडद्याला आणि रंगमंचाला, दोघांनाही जड जाणारी गोष्ट आहे, कारण तिचा नायक कुणी माणूस नाही. तिचा नायक एक वस्ती आहे. माडगूळकरांना तिन्ही माध्यमे आतून ठाऊक होती आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ही गोष्ट त्यांनी कादंबरीत सांगितली. चित्रपट चांगला आहे. पण तो पाहून कादंबरी वाचायची राहिली, तर तिचा मुख्य विषयच हातून सुटतो.

हे बारामती-इंदापूरच्या वाचकापुढे मांडण्याला कारण आहे. बाहेरच्या माणसाला बारामती म्हटले की ऊस, कारखाने आणि शिक्षणसंस्था आठवतात. ते खोटे नाही. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला, १८८५ च्या सुमारास तो वाहू लागला, आणि त्याच्या खालची जमीन बागायत झाली. वालचंदनगर उभे राहिले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथे कारखाने आले. १९८० च्या सुमारास उजनी धरण झाले, इंदापूरच्या भीमाकाठाला फुगवट्याचे पाणी लागले आणि पळसदेवचे जुने देऊळ त्या पाण्याखाली गेले. पण पाऊस काही कालवा पाहून पडत नाही. तो या दोन्ही तालुक्यांत वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपासच. त्यामुळे एकाच तालुक्यात दोन मुलूख नांदतात. कालव्याखालच्या गावाला पाण्याची पाळी चुकल्याची तक्रार असते. सुपे, मोरगाव, लोणी भापकरच्या जिरायती पट्ट्यात पाळी हा शब्दच कालपरवापर्यंत ऐकिवात नव्हता, तिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकारा हरणांसाठी राखलेले आहे आणि इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या गवताळ माळावर लांडगा अजून दिसतो, यावरूनच जमीन कोणत्या जातीची ते कळावे. याच माळांवर मेंढरे चरतात. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यांवर लादून पश्चिमेकडे निघालेले वाडे, शेतात वाघर लावून मेंढ्या बसवणारे मेंढके आणि त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देणारा शेतकरी, हे दृश्य इथल्या माणसाला नवे नाही. नीरा ओलांडून माळशिरस पार केले, की पुढे माणदेश लागतो. माडगूळकरांची वाडी त्या मुलखातली आहे. म्हणजे हे पुस्तक या वाचकाला परक्या प्रदेशाची ओळख करून देत नाही, त्याच्याच तालुक्याच्या न शिंपलेल्या अर्ध्या भागाशी गाठ घालून देते.

माडगूळकरांचा जन्म १९२७ सालचा, माडगूळ्याचा. आज ते गाव सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात येते, तेव्हा औंध संस्थानात होते. बेचाळीसच्या चळवळीत शाळा सुटली ती सुटलीच. काही काळ त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षकाची नोकरी केली. १९४९ मध्ये ‘माणदेशी माणसं’ आले, १९५५ मध्ये ‘बनगरवाडी’. पुढे पुणे आकाशवाणीवरची नोकरी, ‘वावटळ’, ‘करुणाष्टक’, वानरांच्या टोळ्यांवरचे ‘सत्तांतर’ आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार, अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. २००१ मध्ये निधन. हा तपशील कुठल्याही कोशात मिळेल. त्यात एक गोष्ट मात्र थांबून पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे औंध. बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे हे संस्थान आकाराने चिमुकले, पण सूर्यनमस्कार सक्तीने घालायला लावणारे, आणि १९३९ मध्ये रयतेच्या हाती कारभार सोपवण्याचा प्रयोग करणारे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत याच संस्थानात झाली आणि तिच्यावरून व्यंकटेश माडगूळकरांचे भाऊ ग. दि. माडगूळकर यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा लिहिली. एका कोपऱ्यातल्या कोरड्या मुलखाने दोन भावांच्या हातून दोन चित्रपट दिले, हे नुसते योगायोगाचे वाटत नाही. त्या संस्थानात गाव ही घडवण्याची वस्तू आहे, अशी कल्पना हवेतच होती.

‘बनगरवाडी’तला तरुण मास्तर, राजाराम विठ्ठल सौंदणीकर, हीच कल्पना घेऊन वाडीत येतो. वाडी धनगरांची, घरे मोजकी. शाळा आहे, पण पोरे मेंढरांमागे. म्हातारा कारभारी मनावर घेतो तेव्हा कुठे पोरे पाटीसमोर बसतात. मग मास्तर हळूहळू वाडीचा होतो. कुणाचा कागद लिहून दे, कुणाचे भांडण मिटव, कुणाचा निरोप बाजाराच्या गावी पोचव. आयबूची सोबत मिळते, आनंदा रामोशाची ओळख होते, बाळूसारखा एखादा वाकड्यात शिरतो. कारभाऱ्याच्या अंजीच्या चोळीवरून कुजबुज होते. मास्तर तालीम बांधायचे मनात घेतो, वाडी अंगमेहनतीने ती उभी करते, उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. आणि मग पाऊस येत नाही. कारभारी गेलेला असतो. मेंढरे मरू लागतात, माणसे उरलेली मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते. मास्तरची बदली होते. गोष्ट एवढीच. गुंतागुंत, उत्कर्ष आणि उकल असा कथानकाचा जो साचा आपण शाळेत शिकतो, तो इथे लावून पाहिला तर हाती काहीच लागत नाही. तालमीचे उद्घाटन हा उत्कर्षबिंदू म्हणावा, तर दुष्काळाचा आणि त्याचा काही संबंध नाही. अंजी आणि मास्तर यांच्यात प्रेमकथा शोधावी, तर लेखक तिला दोन-चार पानांपलीकडे वाढूच देत नाही.

मात्र वाडीला नायक धरून हीच गोष्ट पुन्हा वाचली, की सगळे जागेवर बसते. सुरुवातीला वाडी एक सैल गोळा आहे. मधल्या भागात ती एकत्र येते, तालीम बांधते, तिला स्वतःचे रूप दिसते. शेवटी ती विरून जाते. हा एका पात्राचा जन्म-वाढ-अंत आहे, फक्त ते पात्र तीस-चाळीस उंबऱ्यांवर वाटलेले आहे. यात लेखनाची एक युक्ती आहे, ती जवळून पाहण्यासारखी. शेकूचा प्रसंग घ्या. पेरणीचे दिवस, आणि औताला दुसरा बैल नाही. शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतः जुवाला लागते. दुसऱ्या कुठल्याही लेखकाने इथे पान-दोन पाने गहिवर काढला असता. निदान मास्तरच्या डोळ्यांत पाणी तरी आणले असते. माडगूळकर पाहिलेले सांगतात आणि पुढे सरकतात. कारण त्यांच्या हिशोबी ही त्या बाईची शौर्यगाथा नाही. वाडी जगायला काय काय करते, त्यातला हा एक दिवस आहे. प्रसंगाला गरजेपेक्षा जास्त उजेड दिला असता तर शेकूची बायको नायिका झाली असती आणि वाडी मागे गेली असती. माडगूळकरांच्या संयमाची तारीफ सगळेच करतात, तो स्वभाव म्हणून. या कादंबरीत तो रचनेचा भाग आहे. कुणालाही मोठे होऊ द्यायचे नाही, हा तिचा नियमच आहे, आणि त्यातून मास्तरही सुटत नाही.

मग रंगमंच? माडगूळकर नाटककार म्हणून हौशी नव्हते. ‘तू वेडा कुंभार’, ‘सती’, ‘बिनबियांचे झाड’, ‘पती गेले गं काठेवाडी’ ही त्यांची नाटके. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या ‘सेझुआनची भली बाई’ या नाटकाचे ‘देवाजीनं करुणा केली’ हे रूप त्यांनीच केले. यांतले ‘पती गेले गं काठेवाडी’ घ्या. नवरा परमुलखात जातो आणि मागे बायकोच्या निष्ठेची परीक्षा होते, ही जुनी लोककथा. तिच्यात पैज आहे, वेषांतर आहे, चतुर बाई आहे, फजिती होणारे पुरुष आहेत. म्हणजे माणसे समोरासमोर उभी राहून एकमेकांवर शब्दांनी मात करतात. नाटकाला हे लागतेच. बनगरवाडीतली माणसे मात्र बोलून काही करत नाहीत. ती काही करतात आणि मग जमले तर बोलतात. पुष्कळदा तेही नाही. त्यांना रंगमंचावर आणले तर एक तर त्यांच्या तोंडी भाषणे घालावी लागतील, नाही तर मेंढरे आणावी लागतील. दोन्ही अवघडच. माडगूळकरांनी आपल्या लोकनाट्याच्या जाणकारीतून नाटकासाठी नाटकाचे विषय निवडले आणि वाडीला त्यापासून दूर ठेवले, यात मला त्यांची माध्यमाची समज दिसते.

इथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो वजनदार आहे. अमेरिकन कादंबरीकार-नाटककार थॉर्नटन वाइल्डरने १९३८ मध्ये ‘अवर टाउन’ लिहिले. एक लहान गाव हाच त्या नाटकाचा विषय आहे, आणि रिकाम्या रंगमंचावर दोन टेबले, काही खुर्च्या ठेवून ते उभे राहते. मग वस्ती रंगमंचावर येत नाही असे कसे म्हणता? उत्तर त्या नाटकातच आहे. वाइल्डरला त्यासाठी एक सूत्रधार लागला, जो प्रेक्षकांशी थेट बोलतो, काळ पुढे-मागे करतो, कोण कधी मरणार ते आधीच सांगतो. म्हणजे कादंबरीतला निवेदक त्याने अंगरखा घालून मंचावर उभा केला. आणि १९४० मध्ये चित्रपट झाला तेव्हा काय झाले? नाटकात मरणारी एमिली चित्रपटात वाचली. या बदलाला वाइल्डरची संमती होती, हे विशेष. रंगमंचावर एमिली ही गावातल्या अनेकांपैकी एक असते, तिचे जाणे गावाच्या रहाटीचा भाग असतो. पडद्यावर तिचा चेहरा जवळून दिसतो, प्रेक्षकाचा तिच्यावर जीव जडतो, आणि मग तिचे मरण सोसवत नाही. कॅमेरा माणूस निवडतो, आणि एकदा निवडला की बाकीचे गाव त्याच्या पाठीमागचा देखावा होते.

अमेरिकन कादंबरीकार स्टाइनबेकचे उदाहरण तर आपल्या विषयाच्या आणखी जवळचे. ‘ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही १९३९ ची कादंबरी दुष्काळाने आणि कर्जाने देशोधडीला लागलेल्या ओक्लाहोमाच्या शेतकऱ्यांची. तिच्यात जोड नावाच्या कुटुंबाच्या प्रकरणांमध्ये मधूनमधून अशी प्रकरणे येतात, ज्यांत जोड नाहीतच. तिथे रस्ता आहे, जुन्या मोटारी विकणारे आहेत, नांगरट करणारे ट्रॅक्टर आहेत, हजारो अनाम माणसे आहेत. पुढच्याच वर्षी जॉन फोर्डने चित्रपट केला. तो श्रेष्ठ चित्रपटांत गणला जातो आणि ते योग्यच आहे. पण ती मधली प्रकरणे त्यातून जवळपास गळली, आणि कहाणी एका कुटुंबाची झाली. फोर्ड कमी पडला असे म्हणण्यात अर्थ नाही. कादंबरीला समूहाविषयी जे थेट बोलता येते, ते दोन-सव्वादोन तासांच्या पडद्यावर बोलायला फार वेगळी भाषा लागते, आणि ती क्वचितच कुणाला सापडते.

मराठी पडद्याकडे ती नव्हती, याचा पुरावा माडगूळकरांच्याच लेखणीतून मिळतो. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ची पटकथा त्यांची. १९५९ चा हा चित्रपट पुण्यात विजयानंदला दोन वर्षांहून अधिक चालला, आणि पुढे गावोगावच्या जत्रांत, तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्ये तमाशापटांची जी लाट आली, तिची सुरुवात त्याने करून दिली. त्यात पाटील आहे, बैलगाडीची शर्यत आहे, खून आहे, अत्याचार आहे, आणि पुढच्या पिढीत फडावर उभे राहून घेतलेला जाब आहे. चित्रपट म्हणून ते बांधकाम पक्के आहे. पण त्यानंतर मराठी पडद्यावरचे गाव पाटील, तमाशा आणि सूड या तीन खुंट्यांना बांधले गेले, ते पुढची पंचवीस-तीस वर्षे सुटले नाही. आता त्याच लेखकाचा चार वर्षे आधीचा कारभारी पाहा. वाडीची सत्ता त्याच्या हाती आहे. त्याने पोरे शाळेत धाडा म्हटले तर ती येतात. चुगलीवर विश्वास ठेवून तो मास्तरवर रागावतोही. पण तो खलनायक नाही, आणि देवमाणूसही नाही. म्हातारपणाने हेकट झालेला, वाडीचे बरे-वाईट आपल्या डोक्याने जोखणारा माणूस आहे. खलनायक असलेले गाव पडद्याला लगेच कळते, कारण तिथे लढत दिसते. ज्या गावाचा शत्रू पाऊस आहे, त्याची लढत कुठे दाखवायची? माडगूळकरांना दोन्ही प्रकारची गावे लिहिता येत होती. कुठले कशासाठी, हे त्यांनी ओळखले होते.

कादंबरीनंतर चाळीस वर्षांनी पालेकरांनी चित्रपट केला, पटकथा माडगूळकरांचीच, आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. चंद्रकांत कुलकर्णी त्यात मास्तर झाले. या चित्रपटाचे मोठेपण त्याने जे केले नाही त्यात आहे. अंजीची प्रेमकथा त्याने वाढवली नाही, सावकार आणून बसवला नाही. प्रसंगामागून प्रसंग अशी कादंबरीची सुटी वीण त्याने राखली. हे धाडसाचे होते. तरीही एक फरक पडतोच, आणि तो दिग्दर्शकाच्या हातातला नाही. कादंबरी ‘मी’ने सांगितलेली आहे. तिच्यात मास्तर आपल्याला दिसत नाही, त्याला जे दिसते ते आपल्याला दिसते. त्याचा चेहरा कसा, उंची किती, याच्याशी वाचकाचे देणेघेणे नसते. तो खिडकीसारखा असतो. पडद्यावर तो चौकटीत आला की खिडकीचा माणूस होतो. प्रेक्षक त्याच्याकडे पाहू लागतो, त्याचे पुढे काय होणार याची काळजी करू लागतो. एक होतकरू तरुण आडरानातल्या वाडीत येतो, तिला सुधारतो, आणि दुष्काळ त्याच्या कामावर पाणी फिरवतो, अशी ती गोष्ट आपोआप होऊन बसते. कादंबरीत तालीम वाडीची असते. चित्रपटात ती मास्तरची होते. दुसरा फरक काळाचा. कादंबरीत दुष्काळ येतो तो कळत नाही असा येतो. एक पाऊस चुकतो, मग दुसरा, चारा लांब जातो, एक घर निघते, मग आणखी एक. वाचकालाही ते उशिरा उमगते. पडद्यावर भेगाळलेली जमीन दिसली की प्रेक्षकाला त्याच क्षणी कळते, दुष्काळ आला. जे महिन्यांत होते ते एका दृश्यात सांगून होते. यात दोष कुणाचा नाही, पण सोसण्याचा वेग बदलला की सोसणेही बदलते.

आता एक कठोर आक्षेप. धनगरांच्या वाडीची गोष्ट एका ब्राह्मण लेखकाने, बाहेरून आलेल्या मास्तरच्या तोंडून सांगावी, यात शहाणा विरुद्ध अडाणी ही उतरंड गृहीत नाही का? रामोशी चोर दाखवणे, बायकांना थोडकेच शब्द देणे, हे त्याच नजरेचे नाही का? यातला काही भाग मला मान्य आहे. ज्या जमातीवर इंग्रजी राजवटीने गुन्हेगारीचा शिक्का मारला, तिच्यातल्या माणसाची ओळख चोरी म्हणूनच व्हावी, हे आजच्या वाचकाला खटकले पाहिजे. अंजी आणि शेकूची बायको यांच्या मनात काय होते, ते कादंबरी सांगत नाही. धनगर स्त्रीची बाजू ऐकायची तर तिच्या ओव्यांकडे जावे लागते, आणि धनगरांची मौखिक परंपरा गोळा करायला गुंथर सोन्थायमरसारखा जर्मन अभ्यासक यावा लागला, ही आपल्या विद्यापीठांनी लाज वाटून घ्यावी अशी गोष्ट आहे. पण उतरंडीचा आरोप मला पटत नाही. मास्तर या पुस्तकात कुणाला वाचवत नाही. त्याने शिकवलेली अक्षरे दुष्काळात कामाला येत नाहीत, त्याची तालीम ओस पडते. उलट वाडीला जे येते ते त्याला येत नाही: कुठल्या दिशेला चारा असेल, कोणते जनावर जगवायचे आणि कोणते सोडायचे, केव्हा निघायचे. शेवटच्या भागात जाणकार कोण आणि अडाणी कोण, याचा निकाल सरळ मास्तरच्या विरोधात लागतो, आणि तो लेखकाने स्वतःच्याच हाताने लावला आहे. हा लेखक गावाविषयी भाबडा होता असेही म्हणता येत नाही. गांधीहत्येनंतरच्या, १९४८ च्या जाळपोळीवरची ‘वावटळ’ त्यानेच लिहिली. ‘बनगरवाडी’ लिहिताना त्याला गावाचे तेही तोंड ठाऊक होते.

दुसरा आक्षेप इथल्या वाचकाकडूनच येईल. ही गोष्ट संस्थानी काळातली. आता कालवे आले, उपसा योजना आल्या, जनाई-शिरसाईचे पाणी जिरायतीकडे वळले, पोरे एसटीने कॉलेजला जातात. ओस पडणाऱ्या वाडीचे आता काय? याला उत्तर देताना स्टाइनबेककडे पुन्हा जावे लागते. जोड कुटुंब घर सोडते ते कायमचे. जमीन बँकेच्या ताब्यात गेलेली असते, परतीची वाट बंद असते. बनगरवाडीची माणसे निघतात ती मेंढरे घेऊन, आणि निघणे त्यांना नवे नसते. पाऊस नसेल तिथून पाऊस असेल तिथे जाणे हे त्यांचे पिढ्यांचे शास्त्र आहे. दुष्काळाचा घाला यात आहे की या वेळी निघणे ऋतूने ठरवलेले नाही आणि सगळ्या वाडीने एकदम निघावे लागते. म्हणून कादंबरीचा शेवट वाडी मेल्याचा नाही. ती उठून गेल्याचा आहे, आणि परत बसेल की नाही ते लेखक सांगत नाही. हा फरक बागायती गावातून नीट दिसत नाही. उसाच्या फडाला एका जागी राहणे हेच शहाणपण वाटते, आणि फिरस्ता तिथे अडचणीचा पाहुणा ठरतो. आज मेंढरांचा वाडा बागायतीत शिरला की पिकावरून भांडणे होतात, चराऊ माळांवर कारखाने आणि प्लॉट पडतात, माळ म्हणजे पडीक जमीन अशी सरकारी कागदांची समजूत असते. या भांडणात उभ्या असलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांना ‘बनगरवाडी’ जुनी वाटू नये. तिथली वस्ती कशी जगते, कशी निघते, हे तिने आतून मांडले आहे, आणि हे करणारे दुसरे मराठी पुस्तक मला चटकन सांगता येणार नाही.

यात दुष्काळाचे गोडवे गायले जाण्याचा धोका आहे, याची मला जाणीव आहे. फिरणे हे शास्त्र आहे म्हणून टँकरची गरज नाही, असे कुणी म्हणू लागले तर ते निर्दयपणाचे होईल. कादंबरीही तसे म्हणत नाही. मेलेल्या मेंढरांचा आणि उपाशी माणसांचा हिशोब तिच्यात आहे. ती एवढेच करते, की या माणसांना केवळ दुष्काळाचे बळी करून ठेवत नाही. पाऊस पडला की ती हसतात, भांडतात, मास्तरची चेष्टा करतात, एकमेकांची उणीदुणी काढतात. मराठीतल्या पुष्कळ दुष्काळकथांना हे जमलेले नाही. त्यांत माणूस पहिल्या पानापासून हात पसरून उभा असतो.

वाचण्याच्या क्रमाविषयी माझे मत स्पष्ट आहे. आधी ‘बनगरवाडी’ वाचावी. पुस्तक लहान आहे, एका बैठकीत होते. मग ‘माणदेशी माणसं’ घ्यावे, म्हणजे याच मुलखातली माणसे लेखकाने एकेकटी कशी रंगवली होती आणि कादंबरीत त्यांना वस्तीत कसे विरघळवले, ते कळेल. त्यानंतर ‘पती गेले गं काठेवाडी’ आणि ‘सांगत्ये ऐका’, कारण या लेखकाला रंगतदार गोष्ट रचता येत नव्हती म्हणून ‘बनगरवाडी’ साधी झाली, हा गैरसमज त्याने जाईल. पालेकरांचा चित्रपट सर्वांत शेवटी पाहावा, आणि पाहताना मास्तरवरून नजर काढून त्याच्या मागे वावरणाऱ्या माणसांवर ठेवावी. शिक्षकांना एक विनंती आहे. बारामती आणि इंदापूरच्या जिरायती गावांतल्या वर्गांत मेंढपाळांची मुले बसतात. कादंबरी शिकवताना मेंढरांचे, चाऱ्याचे, वाटांचे जे जे येईल ते त्यांना सांगू द्यावे. टिपांच्या कुठल्याही वहीपेक्षा त्यांना त्यातले अधिक कळते.